उन्हाच्या आधी उतरा : कळसूबाईवर बॅच आणणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
एप्रिल-मे महिन्यांत मुंबई, पुणे, नाशिकहून कळसूबाईवर बॅच घेऊन येणारे सर्व आयोजक आणि ट्रेक लीडर

नमस्कार मंडळी.

मी कळसूबाईच्या पायथ्याचा, बारीचा. वाटाड्या म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणांबरोबर वर आलोय. काहींनी आमच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खाल्ली आहे, आईच्या हातचा ठेचा बांधून नेला आहे. आमच्याकडे भात एकदाच होतो, तोही पावसावर. हिरड्याला भाव मिळाला तर मिळाला. बाकीच्या महिन्यांत घराला हातभार लागतो तो तुमच्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘गावकऱ्यांना पर्यटकच नकोत’ असं कुणी म्हणायला नको. पत्र लिहितोय हे कळल्यावर घरचेही म्हणाले, स्वतःच्याच पोटावर कशाला पाय देतोस? पण मे महिन्यातल्या एका रविवारी जे झालं, त्यानंतर तुम्हाला एकेकट्याला फोन करून काही होणार नाही, हे कळून चुकलं. फोनवर सगळे ‘हो दादा, बरोबर आहे दादा’ म्हणतात आणि पुढच्या शनिवारी बस तशीच येते. म्हणून चारचौघांत लिहितोय. तुमच्याबरोबर येणाऱ्या पोरापोरींनी आणि त्यांच्या आईबापांनीही वाचावं.

त्या रविवारी मी माझा पहाटेचा ग्रुप उतरवून घरी आलो होतो. साडेदहाच्या सुमारास वर सरबत विकणाऱ्या पोराचा फोन आला, ‘लोखंडी शिड्यांपाशी एक ताई पडल्यात, लवकर ये.’ रेंज गेली, फोन तुटला. मी पोचलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. पंचविशीतली मुलगी, कातळाला टेकून बसलेली. कातळ इतका तापला होता की तिच्याखाली कुणीतरी सॅक सरकवली होती. नाव विचारलं, तिने सांगितलं. कुठून आलात विचारलं, तर परत नावच सांगितलं. सोबत कोण आहे विचारलं, तरी नावच. अंगाला हात लावला तर चटका बसावा असं. हातात अर्ध्या लिटरची रिकामी बाटली. दोन मैत्रिणी रडकुंडीला आलेल्या. लीडर कुठे आहे, तर शिखरावर. तिथे बॅनर धरून फोटो चालले होते. मागे पडणाऱ्यांना सांभाळायला ठेवलेला मुलगा स्वतःच पहिल्यांदा कळसूबाईला आलेला, बिचारा कोपऱ्यात उभा राहून नेटवर्क शोधत होता.

सरबतवाल्या पोरांनी आपले कॅन तिच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओतले. ते पाणी त्यांनी पहाटे खांद्यावरून वर नेलेलं, दिवसभराच्या धंद्याचं. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी दिलेही नाहीत. सावली म्हणून दोघांनी चादर धरली. अर्ध्या तासाने तिला आपण कुठे आहोत ते कळायला लागलं, तेव्हा उतरवायला घेतलं. सपाटीवर माणूस झोळीत घालून नेता येतो. शिडीवर झोळी चालत नाही. एक जण खालच्या पायरीवर, एक वरच्या, मध्ये ती, कमरेला दोर, आणि तिचा एकेक पाय हाताने धरून पुढच्या पायरीवर ठेवायचा. त्या वेळी शिडीचा कठडा उघड्या हाताने धरवत नाही. आम्ही तळव्याला गमछा गुंडाळतो. तिच्या हातांना तिच्याच मैत्रिणींचे मोजे चढवले होते.

खाली गाडीत घालेपर्यंत अडीच वाजले. दवाखान्यात सलाईन लागलं, दोन दिवसांनी बरी होऊन घरी गेली. देवीची कृपा. सोमवारी सकाळी त्या आयोजकाच्या पानावर शिखरावरचा फोटो झळकला, खाली लिहिलेलं, ‘बॅच शंभर टक्के यशस्वी.’ मी नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीचे म्हणतील, तो तसलाच आहे, आमचं तसं नसतं. त्या दिवशी डोंगरावर जेवढ्या बॅच होत्या, त्यातल्या कुठल्याही बॅचमध्ये हे होऊ शकलं असतं. वेळ सगळ्यांची तीच होती.

माझी मूळ तक्रार या वेळेचीच आहे. बाकीच्या तक्रारी तिच्या पोटातल्या.

तुमची बस रात्री अकराला निघते. पिकअप पॉइंट घेत घेत, वाटेत चहाला थांबत, घोटीवरून वळून पहाटे चारच्या आसपास बारीत येते. इथवर सगळं झकास. पुढे काय होतं ते मी ओसरीवर बसून बघतो. आधी बाथरूमची रांग. मग मोबाइल चार्जिंगला. मग ओळखपरेड, म्हणजे प्रत्येकाने गोल रिंगणात उभं राहून नाव, कंपनी आणि आवडता सिनेमा सांगायचा. मग टी-शर्ट वाटप. मग पोहे, त्यात कुणाला शेंगदाणे चालत नाहीत. तेवढ्यात सूर्य वर आलेला असतो, मे महिन्यात तो सहालाच येतो. मग उजेड चांगला पडलाय म्हणून ड्रोन. बॅच हलते सात-साडेसातला. सवय नसलेल्या माणसाला वर जायला तीन-साडेतीन तास लागतात, शिड्यांवर गर्दी असली तर जास्तच. म्हणजे शिखरावर अकरा, आणि उतार ऐन बाराच्या उन्हात. पायथ्याला चार वाजता पोचलेली माणसं साडेसातपर्यंत खाली बसवून ठेवायची आणि नंतर उन्हात चढवायची, याला नियोजन कसं म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, हे तुमच्या प्रत्येक जाहिरातीत असतं. गावापासून साधारण आठशे मीटरची चढण आहे, हे काहींच्या जाहिरातीत असतं. पण वाटेच्या वरच्या भागात झाड म्हणून नाही, हे कुणाच्याच जाहिरातीत नसतं. कारवी आहे, पण मे महिन्यात तिच्या नुसत्या काड्या उरतात. त्याखेरीज काळा कातळ आणि लोखंड. दोन्ही सकाळी आठपासून तापायला लागतात आणि संध्याकाळपर्यंत तापलेलेच राहतात.

‘वर गार वारा असतो, शहरापेक्षा बरं’ असं तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिता. अर्धंच खरं. हजार मीटरला साडेसहा अंश, या हिशेबाने शिखरावरची हवा गावापेक्षा पाचेक अंशांनी गार असेल. पण हवेचं तापमान मोजतात सावलीत, आणि वर सावलीच नाही. शिवाय वाऱ्याने घाम लागलीच सुकतो, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं ते माणसाला उमगत नाही. मुंबईत घामाने शर्ट भिजला की माणूस आपण होऊन पाणी मागतो. इथे शर्ट कोरडा असतो आणि माणूस आतून सुकत जातो. हवामान खातंही मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, तर डोंगराळ भागात 30 पासूनच. उगीच नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर आमच्या डोंगरावर शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोब्बर माथ्यावर आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली गडप. शहरात त्या दिवशी मुलांना मैदानात काठी रोवून ही गंमत दाखवतात. तुमची बॅच त्याच वेळी शिडीवर रांगेत उभी असते.

त्यात ही माणसं रात्रभर बसमध्ये जागलेली. आठवडाभर ऑफिसात बसलेली. रात्री गाणीबिणी होतात, झोप नाही. पहाटे बाथरूमची सोय कशी असेल या धास्तीने विशेषतः मुली पाणीच पीत नाहीत. हे मला माझ्या बायकोने सांगितलं, तिला त्या सांगतात. असं न झोपलेलं, न पाणी प्यायलेलं माणूस उन्हात आठशे मीटर चढवायचं, म्हणजे अर्धा धोका गावात उतरायच्या आधीच घेऊन येणं झालं.

उन्हाळ्यात येऊ नका असं मी म्हणतच नाही. उलट मला विचाराल तर मे महिन्यातली पहाट हीच या डोंगराची खरी वेळ. साडेतीनला निघावं. चंद्र असला तर बॅटरीही लागत नाही. गावाबाहेर पडताना पायाखाली भाजलेल्या राबाची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळलेल्या तुकड्याची, काळी माती असते, तिचा एक जळका वास येतो. पुढे जाळ्यांमधून पिकलेल्या करवंदांचा. मेच्या अखेरीस वळवाची एखादी सर झाली असेल तर खालच्या झाडांवर काजवेही सापडतात. शिड्या त्या वेळी हाताला गार लागतात, रात्रभराच्या दवाने जरा ओल्याही असतात. साडेपाचला माथ्याच्या जवळ पोचलं की पूर्वेला पट्टा किल्ल्याच्या बाजूने तांबडं फुटतं. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी आधी उजळतं, उन्हाळ्यात आटून कडेला चिखलाची पट्टी उघडी पडलेली असते तीही दिसते. मग अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एकामागून एक. रतनगडाचं नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक, दाखवायला मी थांबतो, कारण ते सांगितल्याशिवाय कुणाला सापडत नाही. साडेसात-आठनंतर हवेत धूळ चढते आणि सगळं धुरकट होऊन जातं. तेव्हा उशिरा येणाऱ्या बॅचला ऊन तर लागतंच, वर काही दिसतही नाही. तुमच्या गिऱ्हाइकांनी पैसे मोजलेले असतात ते पहाटेच्या फोटोला, आणि मिळतं त्यांना अकराचं पांढरं आभाळ. धंद्याच्या हिशेबानेही हे पटत नाही मला.

देवीपुढे हात जोडून, घासभर खाऊन साडेसहा-सातला उतरायला लागलं की नऊ-साडेनऊला माणूस ओसरीवर. आंघोळ, जेवण, दुपारची झोप, आणि चारला घोटीकडे बस. एवढं साधं आहे.

आता गर्दी. शिडीवरून एका वेळी एकाच दिशेने नीट जाता येतं. रविवारी वर चढणारे आणि खाली उतरणारे शिडीच्या दोन टोकांना थांबून एकमेकांवर ओरडत असतात. एकेका आयोजकाची दोन-दोन बसची बॅच, अशा कित्येक बॅच एकाच सकाळी. रांगेत उभं राहणं हेच मोठं संकट, कारण चालताना वाऱ्याची झुळूक तरी लागते, रांगेत माणूस तापल्या कातळावर नुसता भाजत राहतो. कुणी म्हणेल, नवरात्रात हजारो लोक वर जातात, तेव्हा कसं चालतं? जातात. पण ते आश्विनात, रानात अजून ओल असताना. आणि त्यातले बरेचसे आसपासच्या गावांतले, डोंगर पायाखालचा असलेले लोक. त्यांची आणि पहिल्यांदा बूट घालून आलेल्या पोराची बरोबरी करू नका.

पाण्याचं बोलताना मला जरा राग येतो, समजून घ्या. पावसाळ्यात या पट्ट्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. 1926 साली प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, तेव्हापासून इथलं पाणी अडतं आणि कालव्यांनी खाली उसाकडे जातं. डोंगरावरच्या वाड्यांना एप्रिल उजाडला की हंडे घेऊन विहिरीवर नंबर लावावा लागतो. अशा वेळी पन्नास माणसं एका घरी उतरतात, सकाळी तोंड धुतात, दुपारी आंघोळ करतात. पाहुणा आहे, पाणी नाही म्हणणार नाही कुणी. पण आयोजकाने एकदा तरी विचारावं, तुमच्याकडे पाणी आहे का, आम्ही टँकरचे पैसे देऊ का? आजवर हे विचारणारे लोक मला भेटले नाहीत असं नाही. भेटलेत, पण ते छोटे ग्रुप, पंधरा-वीस जणांचे. मोठ्या बॅचवाले जेवणाच्या ताटामागे दहा रुपये कमी कसे होतील यावर अर्धा तास घालवतात.

आणि वरच्या पाण्याचं काय? तुमच्या सूचनांमध्ये ‘वाटेत सरबत मिळतं’ असं लिहिलेलं असतं. सरबत मिळतं, कारण कुणीतरी अंधारात वीस लिटरचा कॅन खांद्यावर मारून वर गेलेलं असतं. तुमची सुरक्षा त्याच्या खांद्यावर कशी काय टाकता? तो आजारी पडला, लग्नाला गेला, त्याचा कॅन दहा वाजता संपला, तर? प्रत्येकाकडे स्वतःचं तीन लिटर पाणी पाहिजे आणि ते निघायच्या आधी लीडरने बाटल्या बघून मोजलं पाहिजे. ओआरएसची पाकिटं महाग नाहीत. तीही नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे तर शाळेत शिकवतात.

लीडरबद्दल. शिट्टी आणि रंगीत टी-शर्ट दिला की लीडर होत नाही. चक्कर, मळमळ, पायात गोळे, अंग घामेजलेलं, ही पहिली पायरी. इथेच माणसाला सावलीत बसवून पाणी पाजलं आणि परत फिरवलं तर काही होत नाही. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग 40 अंशांच्या म्हणजे 104 फॅरनहाइटच्या वर तापलं, शुद्ध हरपली, की तो उष्माघात. तिथे पहिलं काम अंग गार करायचं आणि दुसरं दवाखाना. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं. मी डोळ्यांनी पाहिलंय, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात एनर्जी ड्रिंक ओतताना. ओतणारा टी-शर्टवाला होता.

‘आजवर काही झालं नाही’ हे वाक्य मी तुमच्याकडून फार ऐकलंय. 16 एप्रिल 2023 ला खारघरला पुरस्काराचा मोठा कार्यक्रम झाला, उघड्या मैदानावर, सकाळचाच. लोक नुसते बसले होते, डोंगर चढत नव्हते. आजूबाजूला शहर होतं, रुग्णवाहिका होत्या. तरी उन्हाने 14 माणसं गेली. आपल्याकडे तर 108 ला फोन लावायला आधी रेंज मिळेल अशा दगडावर जाऊन उभं राहावं लागतं, आणि रुग्णवाहिका आली तरी पायथ्यालाच येणार. मधला डोंगर आम्हीच उतरवायचा.

कचऱ्यावर मी लांबण लावणार नव्हतो, तुम्हीही कंटाळला असाल ऐकून. पण आमच्या देवीची गोष्ट तुमच्यातल्या एकाही लीडरला बॅचपुढे सांगताना मी ऐकलं नाही, म्हणून सांगतो. कळसू ही कोळ्याची पोर. डोंगरापलीकडे इंदोरे गावात पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहताना अट घातली, केरकचरा आणि भांडी सोडून पडेल ते काम करीन. पाटलाने कबूल केलं. एके दिवशी पाटलाकडे पाहुणे फार झाले आणि त्याने तिला भांडी घासायला लावली. तिने घासली आणि तडक डोंगरावर निघून गेली, परत आली नाही. जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. म्हणजे पाहुण्यांचं उष्टं-खरकटं काढायला लावलं म्हणून जी घर सोडून गेली, तिच्या देवळामागे तुमच्या पाहुण्यांच्या वेफर्सच्या पिशव्या आणि बाटल्या पडतात, आणि त्या वेचायला आमच्या पोरी जातात. यावर मी आणखी काही बोलत नाही.

एक शेवटचं, वणव्याचं. हा सगळा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, 1986 पासून. मे महिन्यात गवत असं वाळलेलं असतं की विडीचं थोटूकही पुरतं. आम्ही राब भाजतो तेव्हा कडेने जाळपट्टा काढतो, वारा बघतो, माणसं उभी करतो. ‘कॅम्पफायर विथ म्युझिक’ उन्हाळ्याच्या जाहिरातीतून काढून टाका.

मला विचारलं गेलं की हे सरकारला का लिहीत नाहीस. 2021 साली राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असं त्यात आहे. ज्यांनी केली त्यांनी नोंदणी क्रमांक जाहिरातीत छापावा, ज्यांनी केली नाही त्यांनी करावी. पण बारीत पहाटे चार वाजता कुणाला उठवून चालतं करायचं, हे कुठल्या धोरणाने होणार नाही. ते तुमच्या हातात आहे. सरकारला लिहिलं तर उद्या कुणीतरी ‘उन्हाळ्यात डोंगर बंद’ असा फलक लावील, आणि त्यात तुमच्यापेक्षा आमचंच जास्त जाईल. म्हणून आधी तुम्हाला.

तर आमचं मागणं असं. एप्रिल आणि मे महिन्यांत गावातून चढायला सुरुवात पहाटे चारच्या आत व्हावी. बसला उशीर झाला, टायर फुटला, काहीही झालं आणि सहा वाजून गेले, तर त्या दिवशी शिखर रद्द. पहिल्या शिडीपर्यंत जाऊन परत या, नाहीतर भंडारदरा दाखवा, रंधा धबधब्याची कोरडी दरी दाखवा, आणि हे पैसे घेतानाच लोकांना सांगून ठेवा. सकाळी आठला जो जिथे असेल तिथून खाली फिरायचं, माथा दहा मिनिटांवर असला तरी. हे शेवटचं सर्वांत अवघड आहे, मला माहीत आहे. माथा दिसायला लागला की माणूस ऐकत नाही. म्हणूनच ते लीडरने सांगायचं असतं.

एका आयोजकाची एका सकाळी तीसच्या वर माणसं नकोत. दहा जणांमागे एक जाणता लीडर, आणि सगळ्यांच्या मागे चालणारा माणूस गावातला. तो गावातला असावा यात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. पण माणूस पडला तर दोर आणि चादर घेऊन धावणारे आम्हीच असतो. मग आधीपासूनच सोबत घ्या, मजुरी ठरवून. प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी, टोपी, आणि बॅचमागे ओआरएस, थर्मामीटर, पंधरा मीटरचा दोर. रात्रीच्या बसऐवजी शनिवारी दुपारीच या. संध्याकाळी गावात जेवा, ओसरीवर झोपा, तीनला उठा. यात तुमचा खर्च माणशी थोडा वाढेल, आमची चार घरं चालतील, आणि माणसं झोपून उठलेली असतील. टँकर लागला तर त्याचा खर्च बिलात धरा. कचरा ज्या बसने आला त्या बसने परत.

आणि कुणाला काही झालं तर ते लपवू नका. दुसऱ्या दिवशीच्या फोटोखाली लिहा, आमच्या बॅचमधल्या एकीला उन्हाचा त्रास झाला, अमुक वाजता निघालो होतो, पुढच्या वेळी आधी निघू. लोक तुमच्यावर जास्तच विश्वास ठेवतील. निदान मी तरी ठेवीन.

आमच्या बाजूने एवढं सांगतो. साडेतीनला चहा आणि नाश्त्याच्या पुड्या तयार ठेवायची जबाबदारी आमची. बॅच आदल्या संध्याकाळी आली तर झोपायच्या जागेचे वेगळे पैसे या मोसमात मी घेणार नाही. सरबतवाल्या पोरांशी बोलून एक कॅन रोज शिड्यांपाशी नुसता अंगावर ओतायला राखून ठेवायचं आम्ही ठरवतोय. त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर चर्चा चालू आहे, तुम्ही दिलेत तर ती लवकर संपेल. आणि एप्रिल-मे महिन्यांत सहानंतर निघणाऱ्या बॅचबरोबर मी वर येणार नाही, कितीही मजुरी दिलीत तरी. गावातल्या बाकीच्या वाटाड्यांनाही हेच सांगतोय, काही जण हो म्हणालेत, काही जण विचार करतायत. ज्याला बोलायचं असेल त्याने शनिवारी संध्याकाळी गावात यावं, समोरासमोर बोलू. माझं घर कुणीही दाखवील.

आपला,
बारीतला एक वाटाड्या